हवेचे ओझे

मराठी बोलीने हवेला कधी फारसा मान दिलेला नाही. ज्या बेतांना बूड नाही ते हवेतले इमले. ज्याला कोणी वाली नाही तो वाऱ्यावर पडलेला. आणि वडीलधाऱ्यांचा उपदेश कोणी मनावर घेतला नाही, की तो त्याने वाऱ्यावर सोडला असे म्हणतात. रिकामी घागर दाखवून आत काय आहे असे विचारले, तर 'काही नाही' हेच उत्तर येते. घागर तोंडापर्यंत हवेने भरलेली असते. पण हवा म्हणजे काही नाही, ही समजूत इतकी मुरलेली आहे की त्या उत्तरात काही चुकले असे कोणालाच वाटत नाही.

यात दोष केवळ भाषेचा नाही. देहाची साक्षच तशी आहे. माणसाने हात पुढे पसरला, तर बोटांसकट तळहाताचे क्षेत्रफळ सुमारे दीडशे चौरस सेंटिमीटर भरते, आणि समुद्रकाठच्या गावी त्या तळहातावर हवेचा सुमारे दीडशे किलोग्रॅम भार असतो. पन्नास किलोची तांदळाची तीन पोती त्या हातावर रचावीत, तसाच हा प्रकार. साऱ्या देहाचा हिशेब केला तर हा भार पंधरा-सोळा टनांच्या घरात जातो. तरी हात अवघडत नाही आणि खांदे वाकत नाहीत; कारण हवा केवळ वरून खाली दाबत नाही. ती खालून वर, डावीकडून, उजवीकडून, सर्व दिशांनी सारखीच दाबते आणि देहाच्या आतील द्रव व वायूही त्याच दाबाने तिला उत्तर देतात. चारी बाजूंनी तोललेले ओझे ओझे वाटत नाही.

देहाला जे कळत नाही ते बुद्धीने कसे ओळखले, ओळखल्यावर ते मोजले कसे, आणि मोजमाप हाती आल्यानंतरही देहाच्या साक्षीवर विसंबल्यामुळे कोणता अनर्थ ओढवला, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

तिचा प्रारंभ इटलीतील एका साध्या अडचणीतून झाला. विहिरीतील पाणी वर खेचणारा पंप कितीही उत्तम बनवला, दट्ट्या कितीही घट्ट बसवला, तरी सुमारे १० मीटरपेक्षा अधिक उंचीवर पाणी चढत नसे. त्या काळी विद्वानांचे मत असे होते, की निसर्गाला पोकळी खपत नाही. म्हणून दट्ट्या वर गेला की मागे राहिलेली जागा भरून काढायला पाणी आपण होऊन धावते. पण मग निसर्गाचा हा तिटकारा दहा मीटरवरच का आटोपतो? १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओने या अडचणीचा उल्लेख केला. फार लांब दोरी स्वतःच्याच वजनाने तुटावी, तसा पाण्याचा स्तंभही आपल्या वजनाने तुटतो, असे त्याचे स्पष्टीकरण होते. ते बरोबर नव्हते.

गॅलिलिओच्या अखेरच्या तीन महिन्यांत त्याच्या सहवासात राहिलेला टॉरिचेल्ली याने प्रश्नच उलटा केला. पाणी वरून खेचले जात नसून ते खालून ढकलले जात असेल तर? विहिरीच्या पृष्ठभागावर हवेचा भार आहे. पंपाच्या नळीतील हवा दट्ट्याने काढून घेतली, की तेवढ्या जागेवरचा भार नाहीसा होतो आणि बाहेरचा भार पाण्याला नळीत लोटतो. दहा मीटरवर पाण्याचे वजन आणि हवेचे वजन यांचा तोल साधतो, म्हणून पाणी तेथे थांबते. हे खरे असेल, तर पाण्याहून सुमारे १३.६ पट जड असलेला पारा त्या मानाने थोड्याच उंचीवर थांबला पाहिजे. १६४४ साली फ्लॉरेन्समध्ये हा प्रयोग झाला. नळी हाताळण्याचे काम त्याचा सहकारी विव्हियानी याने केले. एका टोकाला बंद असलेली मीटरभराहून थोडी लांब काचेची नळी पाऱ्याने भरली, तोंडावर बोट धरून ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली आणि बोट काढले. पारा खाली उतरला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर स्थिरावला. ७६ ला १३.६ ने गुणले की १० मीटर आणि वर सुमारे दीड वीत असा हिशेब येतो. पंपाची मर्यादा नेमकी तीच.

वरच्या रिकाम्या भागातील पोकळीनेच पारा धरून ठेवला आहे, असे कोणी म्हणेल, हे टॉरिचेल्लीला ठाऊक होते. म्हणून त्याने शेजारी आणखी एक नळी उभी केली. तिच्या बंद टोकाला काचेचा मोठा गोळा होता. पोकळी जर खेचत असेल, तर मोठी पोकळी अधिक जोराने खेचील आणि त्या नळीतला पारा अधिक वर चढेल. पण दोन्ही नळ्यांतील पारा एकाच पातळीवर उभा राहिला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने आपल्या कल्पनेचे सार सांगितले: माणसे हवेच्या एका अथांग सागराच्या तळाशी वावरत आहेत.

येथे भार आणि दाब यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. काठी हातावर टेकवली तर टोचत नाही. तेवढाच जोर सुईवर दिला तर रक्त येते. भार तोच, पण तो किती जागेवर पडतो यावर परिणाम ठरतो. ठराविक क्षेत्रफळावर, समजा एका चौरस सेंटिमीटरवर, जो भार पडतो त्याला दाब म्हणतात. नळी रुंद असो की अरुंद, पारा एकाच उंचीवर का राहतो याचे उत्तर यातच आहे. रुंद नळीत पारा अधिक असतो, पण तो तोलणारी जागाही त्याच प्रमाणात अधिक असते. म्हणूनच हवेचा दाब मोजताना पाऱ्याचे वजन करावे लागत नाही. केवळ उंची पाहिली की पुरते. समुद्रसपाटीवरील हवेचा प्रमाण दाब ७६० मिलिमीटर पारा इतका मानतात. वेधशाळा तोच १०१३.२५ हेक्टोपास्कल असा सांगतात.

हे एककाचे नाव ज्याच्या स्मरणार्थ दिले, त्या पास्कल या फ्रेंच विचारवंताने पुढचा प्रश्न विचारला. हवेचा सागर खरोखरच असेल, तर डोंगरावर चढून गेलेल्या माणसाच्या डोक्यावर कमी हवा उरेल आणि तेथे पारा खाली उतरला पाहिजे. पास्कल पॅरिसमध्ये होता. त्याचा मेहुणा पेरिये ज्या क्लेरमाँ गावी राहत होता, त्या गावाजवळच पुई द दोम हा डोंगर उभा आहे. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिये काही प्रतिष्ठित नागरिकांना बरोबर घेऊन निघाला. गावातल्या मठाच्या बागेत एक नळी मांडून ठेवली आणि तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवायला एक साधू बसवला. दुसरी नळी मंडळींनी सुमारे एक हजार मीटर उंच चढून शिखरावर नेली. तेथे पारा साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास खाली आलेला दिसला. पेरियेने देवळाच्या आडोशाला, उघड्यावर, वाऱ्यात, धुक्यात आणि पावसात मिळून पाच वेळा मोजणी केली. उत्तर बदलले नाही. संध्याकाळी खाली येऊन पाहतात तो बागेतल्या नळीतील पारा सकाळी होता तेथेच होता. हवेला वजन आहे की नाही हा वाद पंडितांच्या सभेत सुटला नव्हता. तो एका दिवसाच्या डोंगरचढणीने सुटला.

हवेला वजन आहे हे मान्य झाल्यावर तिचा दुसरा गुण पुढे आला. हवा दाबता येते आणि सोडली की ती पुन्हा फैलावते. कापसाच्या गठ्ठ्यासारखी तिच्यात एक उसळी आहे. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट बॉइलने १६६० साली या उसळीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला लायनस नावाच्या एका जेझुइट अध्यापकाने आक्षेप घेतला: हवेत एवढा जोर कोठला? नळीतला पारा एका अदृश्य दोरीने वर टांगलेला असतो. आक्षेप विचित्र होता, पण त्याला उत्तर देण्याच्या खटपटीतूनच वायूंचा पहिला नियम हाती आला.

बॉइलने काचेची एक लांब नळी घेऊन तिचे खालचे टोक वर वळवले. वळवलेला आखूड भाग बंद होता आणि लांब भाग वर उघडा होता. आखूड भागात थोडी हवा कोंडून त्याने लांब भागातून पारा ओतायला सुरुवात केली. जसजसा पारा वाढला तसतशी कोंडलेली हवा आक्रसत गेली. लांब भागातील पारा आखूड भागातील पाऱ्यापेक्षा सुमारे २९ इंच वर आला, तेव्हा कोंडलेली हवा बरोबर निम्म्या जागेत मावली होती. बाहेरच्या हवेचा दाबही सुमारे २९ इंच पाऱ्याएवढाच होता. म्हणजे दाब एकाचा दोन झाला तेव्हा जागा दोनाची एक झाली. हा सारा तक्ता बॉइलने १६६२ साली लायनसला दिलेल्या उत्तरात छापला. तपमान कायम असेल, तर वायूचा दाब ज्या पटीने वाढतो त्याच पटीने त्याचे घनफळ घटते. दोहोंचा गुणाकार तोच राहतो. यालाच बॉइलचा नियम म्हणतात. फ्रान्समध्ये मॅरियटने तोच नियम स्वतंत्रपणे मांडला, म्हणून त्या देशात तो त्याच्या नावाने ओळखला जातो.

हा नियम केवळ पाठ्यपुस्तकाचा विषय नाही, हे भारतातील असंख्य घरांना २०२१ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत कळून चुकले. कोविडच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी प्राणवायूची नळकांडी आली आणि त्यांवरील काटा रात्र रात्र निरखला गेला. त्या काट्यामागे एक वाकवलेली चपटी नळी असते. १८४९ साली बूर्दाँ या फ्रेंच कारागिराने ती योजली. जत्रेत मिळणारी गुंडाळीची कागदी पिपाणी फुंकली की उलगडते, त्याच रीतीने आतला दाब वाढला की ही नळी सरळ होऊ पाहते आणि काटा सरकवते. दहा लिटर पाणी मावेल एवढ्या नळकांड्यात बाहेरच्या हवेच्या दीडशे पट दाबाने प्राणवायू भरला, तर बाहेर येताना त्याचे सुमारे दीड हजार लिटर होतात. मिनिटाला पाच लिटर या मानाने रुग्णाला तो लावला, तर पाच तास पुरतो. काटा निम्म्यावर आला, की अडीच तास उरले. बॉइलचा नियम त्या रात्री श्वासांचा हिशेब सांगत होता.

स्वयंपाकघरातील गॅसची टाकी मात्र हा हिशेब पाळत नाही, आणि त्याचे कारणही जाणून घेण्यासारखे आहे. त्या टाकीत मुख्यतः द्रव असतो. वरचा वायू जळून गेला, की खालच्या द्रवाची वाफ होऊन ती जागा भरून निघते. तपमान तेच असेल तर द्रव संपेपर्यंत दाबही तोच राहतो. म्हणून तेथे दाब पाहून शिल्लक कळत नाही. टाकीचे वजनच करावे लागते. नियम कोठे लागू आहे याइतकेच तो कोठे लागू नाही हे समजणेही शास्त्रात महत्त्वाचे असते.

पहिल्या नियमात तपमान कायम धरले होते. ते बदलले तर काय होते, या प्रश्नाकडे लक्ष वेधले ते आकाशात उडू पाहणाऱ्या माणसांनी. २७ ऑगस्ट १७८३ रोजी शार्ल या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाने पॅरिसमधून हायड्रोजनने भरलेले पहिले बलून सोडले. त्यात माणूस नव्हता. बलूनचे तोंड बंद होते. वर जाताना बाहेरचा दाब कमी झाला, आतला वायू फैलावला, कापड फाटले आणि बलून गोनेस गावाजवळ उतरले. आकाशातून हे कोणते श्वापद आले, अशा भयाने तेथील गावकऱ्यांनी त्याच्यावर चाल करून त्याच्या चिंध्या केल्या. त्याच वर्षी १ डिसेंबरला शार्ल स्वतः वर गेला. या वेळी बलूनला झडप होती, वायू बाहेर पडायला वाट होती आणि टोपलीत वायुभारमापक होता. पारा किती उतरला यावरून तो आपली उंची ओळखत होता. पुई द दोमच्या डोंगरावरील प्रयोग आता प्रवाशाचा वाटाड्या बनला होता.

उष्णतेने वायू किती फैलावतात याची मोजणी शार्लने पुढे केली, पण ती छापली नाही. १८०२ साली गे-ल्यूसॅकने स्वतःच्या काटेकोर प्रयोगांसह हा नियम प्रसिद्ध केला आणि शार्लचे श्रेय त्याला दिले. हा नियम आश्चर्य वाटावे इतका सरळ आहे. दाब कायम ठेवला, तर शून्य अंश सेल्सिअसला वायूचे जे घनफळ असेल, त्याच्या सुमारे २७३ व्या हिश्शाने ते प्रत्येक अंशागणिक वाढते. आणि वायू कोणताही असो, हा हिस्सा जवळजवळ तोच राहतो. उलट्या दिशेने हिशेब करीत गेले, तर उणे २७३ अंशांना घनफळ शून्य होईल असे दिसते. प्रत्यक्षात त्याआधीच वायूंचा द्रव होतो. पण तपमान मोजण्याचा खरा आरंभबिंदू तोच, म्हणून त्याला केवल शून्य म्हणतात. हिशेबात तपमान तेथून मोजायचे असते. २७ अंशांवर भरलेले मोटारीचे चाक तापल्या रस्त्याने ५७ अंशांपर्यंत गेले, तर केवल मापाने ते ३०० वरून ३३० वर जाते. जागा जवळजवळ तीच असल्यामुळे आतील हवेचा एकूण दाब एक दशांशाने वाढतो. म्हणूनच चाकातील हवा चाक थंड असताना तपासतात. आणखी एक गोष्ट: पंपावरील काटा बाहेरच्या हवेपेक्षा किती दाब अधिक आहे एवढेच दाखवतो. बसलेल्या चाकावर तो शून्यावर येतो, तेव्हाही आत एक वातावरणाचा दाब असतोच.

हे दोन्ही नियम असे का आहेत? स्वित्झर्लंडच्या डॅनिएल बर्नुली याने १७३८ सालीच त्याचे मर्म ओळखले होते. वायू म्हणजे अखंड धावणाऱ्या असंख्य सूक्ष्म कणांचा मेळा. ते कण भांड्याच्या भिंतींवर आपटतात. त्या अगणित आघातांची बेरीज म्हणजे दाब. जागा निम्मी केली की कण दुप्पट वेळा आपटतात, म्हणून दाब दुप्पट होतो. उष्णता दिली की कणांचा वेग वाढतो, म्हणूनही दाब वाढतो. फार मोठा दाब किंवा फार कमी तपमान असेल, तर कण एकमेकांच्या अगदी निकट येतात आणि हे सरळ नियम थोडे ढळतात. पण नेहमीच्या हवेपुरते ते पुरेसे खरे आहेत.

तिसरी गोष्ट इंग्लंडच्या जॉन डाल्टनने १८०१ साली सांगितली. भांड्यात अनेक वायू मिसळले असतील, तर प्रत्येक वायू जणू एकटाच तेथे आहे अशा रीतीने आपला दाब देतो. एकूण दाब म्हणजे या आंशिक दाबांची बेरीज. हवेत प्राणवायू शेकडा २१ आहे. समुद्रसपाटीवर एकूण दाब ७६० मिलिमीटर, तेव्हा त्यातील प्राणवायूचा वाटा सुमारे १६० मिलिमीटर. १६ सप्टेंबर १८०४ रोजी गे-ल्यूसॅक एकट्याने बलूनमधून ७,००० मीटरपर्यंत चढला आणि वरची हवा निर्वात बाटल्यांत भरून खाली घेऊन आला. तपासणीत आढळले, की तिच्यातील प्राणवायूचे प्रमाण जमिनीवरील हवेतल्याइतकेच आहे. मग उंच पर्वतांवर जाणाऱ्यांना धाप, डोकेदुखी आणि ग्लानी का ग्रासते? प्रमाण तेच असताना कमी काय होते?

या प्रश्नाचा उलगडा फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याने केला. चिमण्यांवर आणि पुढे स्वतःवरही प्रयोग करून त्याने दाखवले, की देहाला प्रमाणाशी कर्तव्य नाही. त्याला कर्तव्य आहे ते प्राणवायूच्या आंशिक दाबाशी. हवा विरळ करून तो दाब कमी केला काय आणि दाब तोच ठेवून हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटवले काय, जीव सारखाच धोक्यात येतो. हवा काढून घेता येईल अशा लोखंडी कोठडीत बसून, अधूनमधून प्राणवायू हुंगत, बेर सुमारे २५० मिलिमीटर दाबापर्यंत जाऊन सुखरूप बाहेर आला. सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेल्ली या बलूनवीरांनीही १८७४ साली त्या कोठडीत बसून अनुभव घेतला आणि त्याच मार्च महिन्यात प्राणवायू बरोबर घेऊन ते ७,३०० मीटरपर्यंत जाऊन परतले.

१५ एप्रिल १८७५ रोजी ते दोघे 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून पुन्हा निघाले. गास्ताँ तिसांदिये हा तिसरा सोबती बरोबर होता. टोपलीत वायुभारमापके होती, आणि शेकडा ७० प्राणवायू असलेल्या हवेच्या तीन पिशव्या वर टांगल्या होत्या. बेर त्या वेळी पॅरिसबाहेर होता. एवढा साठा पुरणार नाही, असे त्याने पत्राने कळवले. पण ते पत्र वेळेवर पोहोचले नाही. साठा थोडा म्हणून तो अगदी गरजेच्या क्षणासाठी राखून ठेवायचा, असा प्रवाशांचा बेत होता. आणि गरज केव्हा लागेल हे आपला देह सांगेल, असा त्यांचा भरवसा होता.

देहाने काहीच सांगितले नाही. तिसांदियेने नंतर लिहिले, की त्या उंचीवर यातना अशा झाल्याच नाहीत. उलट एक प्रकारचा आनंद वाटत होता आणि धोक्याचे भान उरले नव्हते. पारा २८० मिलिमीटरवर आला, तेव्हा आपण ८,००० मीटरवर आलो असे ओरडून सांगावे असे त्याला वाटले; पण जीभ हलेना. प्राणवायूची नळी घ्यायला हात उचलेना. पुढच्या क्षणी त्याची शुद्ध हरपली. काही वेळाने तो जागा झाला, तेव्हा बलून खाली येत होते. क्रोसे-स्पिनेल्लीही मध्येच सावध झाला आणि त्याने टोपलीतील भार बाहेर फेकला. त्यामुळे बलून पुन्हा वर चढले. तिसांदिये दुसऱ्यांदा शुद्धीवर आला, तेव्हा त्याचे दोन्ही सोबती मरून पडले होते. सीलबंद नळ्या पुढे तपासल्या तेव्हा कळले, की पारा २६२ मिलिमीटरपर्यंत उतरला होता. उंची सुमारे ८,६०० मीटर. प्राणवायूचा आंशिक दाब तेथे ५५ मिलिमीटर, म्हणजे जमिनीवरच्या एक तृतीयांशच उरतो. यंत्राने शेवटपर्यंत खरे सांगितले; देहाने शेवटपर्यंत सारे ठीक असल्याची ग्वाही दिली.

तीन वर्षांनी, १८७८ साली, बेरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढील सारे उंचीवरचे प्रवास त्याच्या पायावर उभे राहिले. २९ मे १९५३ रोजी तेनझिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले, ते प्राणवायू पाठीवर घेऊन. १९७८ साली मेसनर आणि हाबेलर यांनी प्राणवायूवाचून ते शिखर गाठले. पण अनेक आठवडे उंचीवर राहून त्यांनी आधी देह तयार केला होता. १९८१ साली शिखरावर प्रत्यक्ष दाब मोजला, तो २५३ मिलिमीटर भरला. 'झेनिथ'मधील माणसे काही तासांत जेथे पोहोचली, तेथे सवयीने गेलेला माणूस जेमतेम तग धरतो, असा याचा अर्थ.

आज ही उंची काही साहसवीरांपुरती राहिलेली नाही. मुंबई, इंदूर, हैदराबाद अशा शहरांतून निघालेला मराठी कुटुंबकबिला विमानाने एका दिवसात लेहला उतरतो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंच. केदारनाथ त्याहून थोडे अधिक. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश असतो. वरण शिजायला वेळ लागतो, कारण पाणी सुमारे ८८ अंशांवरच उकळते. हे स्वयंपाकिणीला लगेच कळते. पण रक्तातील प्राणवायू घटल्याचे मात्र यात्रेकरूला लगेच कळत नाही. पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, डोके फार दुखू लागल्यास किंवा धाप लागल्यास आणखी वर न जाता खाली उतरावे, हा सल्ला म्हणूनच केवळ वृद्धांसाठी नसतो. धडधाकट तरुण आपल्या देहाची ग्वाही अधिक मानतो, म्हणून त्याला तो अधिक लागू आहे.

विमानात बसल्यावर प्रत्येक वेळी सांगतात: प्राणवायूचा मुखवटा खाली आला तर आधी स्वतःला लावा, मग शेजारच्या मुलाला. आईच्या कानांना ही सूचना निष्ठुर वाटते. पण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर विमानातील कोंडलेल्या हवेचा दाब गेला, तर माणसाची शुद्ध मिनिटभरही टिकत नाही, आणि ती जात असताना जात आहे असे वाटतही नाही. आधी मुलाला लावू पाहणारी आई मध्येच थांबेल आणि दोघेही जातील. त्या एका वाक्यामागे 'झेनिथ'ची टोपली आहे.

कोविडच्या काळातही हाच धडा निराळ्या रूपाने पुढे आला. तेथे बाहेरच्या हवेचा दाब पुरेसा होता. बिघाड फुप्फुसांत होता. तरीही कित्येक रुग्ण हसतबोलत बसलेले असत, आणि बोटाला लावलेले छोटे यंत्र मात्र रक्तातील प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली गेल्याचे दाखवी. मला काही होत नाही, असे रुग्ण मनापासून सांगे. ज्या घरांनी रुग्णाच्या बोलण्याइतकाच त्या यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवला, त्यांनी त्याला वेळीच रुग्णालयात नेले.

टॉरिचेल्लीची नळी, बॉइलचा वळवलेला काचेचा तुकडा, नळकांड्यावरचा काटा आणि बोटाला लावलेला चिमटा ही सारी एकाच वंशाची अवजारे आहेत. देह ज्या गोष्टीला 'काही नाही' म्हणतो तिचे माप ती देतात. हवेत बांधलेले इमले ढासळतील. पण खुद्द हवा पोकळ नाही. तिच्या तोललेल्या ओझ्याखालीच प्रत्येक श्वास चालतो, आणि ते ओझे फार हलके झाले, तर ते सांगायला देहाची वाट पाहून चालत नाही. काट्याकडेच पाहावे लागते.